आधी यंत्र, मग विमान : बंगळूरच्या एरोनॉटिकल विभागाची वाटचाल

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते, ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला होता आणि देशातला विमानांचा कारखाना याच शहरात जेमतेम दोन वर्षांचा झाला होता. विमानांची आणि विमाने जाणणाऱ्या माणसांची निकड असलेल्या त्या काळात संस्थेने आखलेला अभ्यासक्रम मात्र घाईचा नव्हता. शाळा संपवून आलेल्या मुलाला थेट विमान शिकवायचे नाही. त्याने आधी पदवी घेऊन यावे आणि मग दोन वर्षे विमानाचा अभ्यास करावा, अशी त्याची मांडणी होती. विभागाच्या इतिहासात थोर नावे आहेत, मोठे विंड टनेल आहे, पुढे अवकाश कार्यक्रमाशी जुळलेले नातेही आहे. या लेखाचे प्रतिपादन मात्र असे की, या सगळ्याच्या मुळाशी तो सुरुवातीचा क्रम आहे. आधी यंत्राचे किंवा पदार्थविज्ञानाचे पक्के शिक्षण आणि त्यावर विमानाचे कलम, ही पद्धत विभागाला लाभली म्हणून त्याची माणसे टिकली. उलट देशाच्या विमान उद्योगाला जिथे ठेच लागली, तिथे यंत्राशी असलेले हेच नाते सैल झालेले दिसते. दोन्ही बाजूंचा पुरावा तपासून पाहण्याजोगा आहे.

कारखाना आणि विभाग

विभागाच्या जन्माआधी कारखान्याचा जन्म सांगावा लागतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाज, मोटार आणि विमान हे तिन्ही उद्योग भारतात उभारण्याचा ध्यास घेतला होता. विमानासाठी त्यांनी अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी बोलणी केली, म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये तिथे जोडलेले पहिले हार्लो प्रशिक्षण विमान उडाले. वर्षभरात युद्धाने चित्र पालटले. सरकारने १९४२ मध्ये कंपनी ताब्यात घेतली आणि १९४३ पासून कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनला. युद्धाच्या गरजेला हे धरूनच होते. पण त्यामुळे कारखान्यात साठत गेलेले ज्ञान एका विशिष्ट जातीचे होते. पंखाच्या पत्र्यावर रिव्हेट किती अंतरावर मारायचे हे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मॅन्युअलमधून कळते. ते अंतर तेवढेच का, पत्रा पातळ केला तर ते किती कमी करावे लागेल, पंख वाकताना पत्र्याला कुठे सुरकुती पडेल, हे मॅन्युअल सांगत नाही. दुरुस्तीला पहिल्या प्रकारचे ज्ञान पुरते, नव्या आराखड्याला दुसरेच लागते. शहराच्या एका टोकाला असलेल्या कारखान्यातली ही उणीव दुसऱ्या टोकाला असलेल्या संस्थेने भरून काढायची होती.

जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या आणि बंगळूरकरांच्या तोंडी आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असलेल्या या संस्थेचा ओढा तोवर मुख्यतः रसायन, पदार्थविज्ञान आणि विद्युत तंत्रज्ञान यांकडे होता. १९३९ मध्ये संचालक म्हणून आलेले ज्ञानचंद्र घोष हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. पण युद्धकाळातली इंजिनिअरिंगची गरज त्यांनी ओळखली. त्यांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या विभागांकडे एकत्र पाहिले पाहिजे. १९४२ मध्ये एरोनॉटिकल विभाग आला आणि दशकाच्या मध्याला इंटर्नल कम्बश्चन इंजिनांच्या अभ्यासातून वाढलेला मेकॅनिकल विभाग व धातुशास्त्राचा विभाग आले. विमान, इंजिन आणि धातू या तिघांना एकाच आवारात काही वर्षांच्या अंतराने जागा मिळाली. घोष यांनी हे नियोजन कोणत्या शब्दांत मांडले होते यापेक्षा ते प्रत्यक्षात काय सांगते हे महत्त्वाचे. विमान ही एकट्याने शिकण्याची गोष्ट नाही, तिला भावंडे लागतात, हे त्या आवाराच्या रचनेतच लिहिलेले होते.

गॉटिंगेनचा वारसा

विभागाची पहिली धुरा विष्णू माधव घाटगे यांच्याकडे आली. १९०८ मध्ये कोल्हापूरजवळच्या हसूर गावी जन्मलेले घाटगे मुंबईत शिकून जर्मनीत गॉटिंगेनला गेले आणि १९३६ मध्ये लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर ते वालचंदांच्या कारखान्यात रुजू झाले आणि युद्धकाळात सैनिक वाहून नेण्यासाठी त्यांनी दहा आसनांचे ग्लायडर आखले. कारखाना आणि वर्ग या दोहोंत पाय असलेला माणूस विभागाला पहिल्याच दिवशी मिळाला, हा योग साधा नव्हता. घाटगे यांच्यानंतर काही काळ विभागाचे नेतृत्व ऑस्कर टिटजेन्स यांनी केले. तेही प्रांटल यांचेच शिष्य. गुरूची व्याख्याने ग्रंथरूपात बांधण्याचे काम त्यांनी केले होते. म्हणजे सुरुवातीचे दोन्ही प्रमुख एकाच घराण्यातले होते, आणि ते घराणे कसे सुरू झाले हे पाहिले की विभागाच्या अभ्यासक्रमाचा अर्थ अधिक उलगडतो.

प्रांटल हे शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. म्युनिकला त्यांनी ताण आणि लवचिकता या विषयांत संशोधन केले आणि नंतर न्यूरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यात नोकरी धरली. तिथे त्यांच्याकडे काम आले ते लाकडाचा भुसा आणि चोथा हवेने खेचून नेणाऱ्या नळ्यांचे. नळी हळूहळू रुंद केली की हवेचा वेग कमी व्हावा आणि दाब वाढावा, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात दाब हवा तसा वाढत नव्हता, कारण हवा नळीच्या भिंतीला धरून राहत नव्हती, सुटत होती. ती का सुटते, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना प्रांटल १९०४ मध्ये सीमास्तराच्या कल्पनेपर्यंत पोचले. घन पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या अगदी पातळ थरात घर्षणाचे सगळे राज्य असते आणि बाहेरच्या प्रवाहात ते जवळजवळ नसते, हे त्यांनी दाखवून दिले. पंख हवेला का धरतो आणि एका मर्यादेनंतर का सोडतो, याचे उत्तर त्याच थरात आहे. राइट बंधूंचे पहिले उड्डाण डिसेंबर १९०३ मधले. त्यानंतर काही महिन्यांतच मांडल्या गेलेल्या आणि विमानशास्त्राचा पाया ठरलेल्या या कल्पनेचा उगम भुसा ओढणाऱ्या नळीत आहे. म्हणून पदवीधर मेकॅनिकल इंजिनिअरला विमान शिकवणे ही युद्धकाळातली काटकसर किंवा तडजोड मानता येत नाही. हा विषय मुळात ज्या वाटेने जन्माला आला, ती वाट विभागाने विद्यार्थ्यासमोर ठेवली.

घाटगे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा कारखान्यात मुख्य डिझायनर म्हणून गेले. त्यांच्या चमूने आखलेले एचटी-२ हे दोन आसनी, पूर्ण धातूचे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. दीडशेहून अधिक एचटी-२ तयार झाली, हवाई दलाच्या आणि फ्लाइंग क्लबांच्या वैमानिकांनी ती तीन दशके वापरली आणि घानाच्या नव्या हवाई दलालाही ती पुरवली गेली. हे यश कारखान्याचे आहे, विभागाचे नाही. ते विभागाच्या खात्यावर टाकणे अप्रामाणिक ठरेल. पण विद्यापीठातला शिक्षक आणि कारखान्यातला मुख्य डिझायनर हा एकच माणूस असू शकतो, दोन्ही जागांना लागणारे ज्ञान एकाच मुळाचे असते, हे एचटी-२ ने सिद्ध केले. विभागाने आपल्या विद्यार्थ्यांकडून धरलेली अपेक्षा त्यापेक्षा वेगळी नव्हती.

धवन पर्व

१९५१ मध्ये सतीश धवन विभागात आले आणि १९५५ मध्ये प्रमुख झाले. लाहोरला गणित-पदार्थविज्ञानाची पदवी, इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, पुढे मिनेसोटा येथे एरोनॉटिकलमधली एम.एस. आणि कॅल्टेकमध्ये हान्स लिपमान यांच्याकडे डॉक्टरेट, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास होता. कॅल्टेकमधले त्यांचे गाजलेले काम पृष्ठभागावरच्या घर्षणाचे थेट मापन हे होय. हवा पत्र्यावरून सरकताना पत्र्याला किती ओढते हे तोवर बहुधा वेगाच्या मोजमापावरून गणिताने काढत. धवन यांनी सपाट पत्र्यात एक छोटा तुकडा आजूबाजूच्या पत्र्यापासून केसाएवढ्या फटीने सुटा ठेवला, त्याला लवचिक आधार दिला आणि वाहत्या हवेने तो किती सरकतो हे मोजले. कल्पना शाळकरी मुलालाही समजावी इतकी सरळ आहे. कठीण आहे ती तिची घडण. फट थोडी मोठी झाली किंवा तुकडा पत्र्याच्या पातळीच्या किंचित वर आला, तर मापनच बिघडते. अशा प्रयोगाला हवेचे गणित जाणणारा डोळा हवा, तसाच लेथवर बसलेला हातही हवा.

बंगळूरला त्यांनी हीच वृत्ती आणली. विभागातले पहिले सुपरसॉनिक टनेल उभे राहिले ते एक इंच बाय तीन इंच तोंडाचे. आजच्या मानाने हे खेळणे वाटेल, पण त्या आकारामागे हिशेब आहे. ध्वनीपेक्षा वेगाने हवा वाहवायची तर तोंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात हवा आणि ऊर्जा लागते. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्या की ही गरज चौपट होते. मोठे कॉम्प्रेसर विकत घ्यायला पैसा नव्हता. पण आघात तरंग पृष्ठभागावर आदळल्यावर सीमास्तराचे काय होते, हा प्रश्न तीन इंचांतही विचारता येतो. विद्यार्थ्याला नोझलची वक्रता स्वतः काढावी लागे, ती वर्कशॉपमध्ये घडवून घ्यावी लागे आणि तयार झाल्यावर वेग अपेक्षेइतका का येत नाही याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागे. ड्रॉइंग, फिटिंग आणि सहनमर्यादा यांची ओळख आधीच्या पदवीत झालेली नसती, तर ही दोन वर्षे वर्कशॉपच्या दारातच संपली असती.

विभागातल्या त्या काळातल्या सर्वांत दूरगामी संशोधनाकडेही याच नजरेने पाहता येते. रोद्दम नरसिंह हे बंगळूरच्याच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५३ मध्ये मेकॅनिकल पदवी घेऊन विभागात आले. पृष्ठभागावरचा संथ सीमास्तर खवळलेला कसा होतो, हा त्यांचा प्रश्न होता. हे स्थित्यंतर एखाद्या रेषेवर एकदम घडत नाही. शांत प्रवाहात मध्येच खळबळीचे ठिपके उमटतात, प्रवाहाबरोबर खाली वाहत जाताना पसरतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून सगळा थर खवळतो. म्हणून मधल्या पट्ट्यातल्या कुठल्याही एका बिंदूवर हवा काही काळ संथ असते आणि काही काळ खवळलेली. यांपैकी खवळलेल्या काळाचे प्रमाण किती, हे मोजून त्याचा नियम नरसिंह यांनी मांडला आणि धवन यांच्यासह या पट्ट्याच्या गुणधर्मांवर लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्समध्ये प्रसिद्ध झाला. विमानाच्या पंखासाठी शोधलेल्या या नियमाचा मोठा उपयोग पुढे टर्बाइनच्या पात्यांवरच्या उष्णतेचा अंदाज करण्यासाठी झाला, कारण पात्याच्या पृष्ठभागाचा बराच भाग याच संक्रमणाच्या पट्ट्यात असतो. पंख आणि टर्बाइन यांच्यामधली भिंत प्रवाहाला ठाऊक नसते. ती खात्यांनी घातलेली असते.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस विभागाच्या आवारात चौदा फूट बाय नऊ फूट तोंडाचे कमी वेगाचे मोठे विंड टनेल उभे राहिले. विमानांच्या, पुढे प्रक्षेपकांच्या आणि उंच बांधकामांच्या प्रतिकृती त्यात तपासल्या गेल्या. १९५९ मध्ये राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळा स्थापन होऊन लवकरच ती बंगळूरला आली आणि विभागाचे विद्यार्थी व प्राध्यापक यांना शहरातच दुसरे घर मिळाले. धवन १९६२ मध्ये संपूर्ण संस्थेचे संचालक झाले आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले. विक्रम साराभाई यांच्या निधनानंतर १९७२ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संस्थेची धुराही त्यांच्याकडे आली. जुलै १९८० मध्ये एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाने उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा कार्यक्रमाच्या शीर्षस्थानी बसलेला माणूस तीन इंची टनेलपासून सुरुवात केलेला मेकॅनिकल इंजिनिअर होता.

क्रमावरचे आक्षेप

या क्रमावर पहिला आक्षेप असा येईल की, विमानाची ओढ असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला चार वर्षे बॉयलर, गिअर आणि जिग-फिक्स्चर शिकवत ठेवले तर त्याची ओढ विझते. पदवीपातळीपासूनच एरोनॉटिकल शिकवणे बरे. देशातल्या इतर संस्थांनी हा मार्ग घेतलाही. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९४९ पासून एरोनॉटिकलचा अभ्यासक्रम चालवला आणि खरगपूर, मुंबई, कानपूर येथील आयआयटींनी पदवीपातळीचे विभाग उघडले. त्यांतून उत्तम इंजिनिअर बाहेर पडले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मद्रासचे उदाहरण नीट पाहिले तर ते या प्रतिपादनाच्या विरोधात जात नाही. तिथला सुरुवातीचा अभ्यासक्रम विज्ञानाची पदवी घेतलेल्यांसाठी होता, ए. पी. जे. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तिथे गेले. स्वतः घाटगेही विज्ञानाकडून आलेले. पाया यंत्राचा असो की पदार्थविज्ञानाचा, विमान हे दुसरे शिक्षण असणे हा समान धागा आहे. आज जिथे पहिल्याच वर्षापासून एरोस्पेस म्हणून प्रवेश मिळतो, तिथेही आरंभीची सत्रे गणित, घनपदार्थांचे यांत्रिकी, उष्मागतिकी आणि द्रवगतिकी यांतच जातात. नाव बदलले तरी क्रम फारसा बदललेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. विभागात पदवी अभ्यासक्रम नव्हताच, तर तिथून नावारूपाला आलेले लोक मेकॅनिकलचे असणारच. यात गुण पद्धतीचा नाही, प्रवेशाच्या नियमाचा आहे. नरसिंह, धवन ही नावे पुढे करून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आक्षेप योग्य आहे, आणि चार-सहा थोर नावांवरून निष्कर्ष काढू नयेच. के. सिवन हे तर मद्रासहून एरोनॉटिकलची पदवी घेऊन बंगळूरला एम.ई. साठी आले आणि अवकाश संस्थेचे अध्यक्ष झाले. म्हणजे दुसऱ्या वाटेनेही तिथवर जाता येते. पण इथे प्रश्न शिखरावर कोण पोचले हा नाही, तिथे पोचलेल्यांनी कोणत्या प्रकारची कामे उचलली हा आहे. तेजस विमानाच्या कार्यक्रमाचे नेतृत्व केलेले कोटा हरिनारायण यांनी बनारसला मेकॅनिकल केले, या विभागात एम.ई. आणि आयआयटी मुंबईत डॉक्टरेट केली. चांद्रयान-३ च्या वेळी अवकाश संस्थेचे अध्यक्ष असलेले एस. सोमनाथ यांनी कोल्लमला मेकॅनिकल आणि नंतर या विभागात एम.ई. केले. लढाऊ विमान, प्रक्षेपक, अंतराळयान ही एकमेकांपासून लांबची कामे आहेत. विमानाचे एखादेच अंग शिकलेला माणूस त्यांच्यामध्ये सहज फिरू शकत नाही. ताण, कंप, उष्णता, पदार्थ आणि नियंत्रण यांची भाषा येणाऱ्याला ते जमते. विद्यार्थ्याला एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाता येणे हे इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाचे एक माप मानले, तर या क्रमाच्या बाजूने पुरावा पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप असा की, विभागाने शास्त्रज्ञ घडवले, विमाने नाहीत. सीमास्तरावरचे शोधनिबंध जगभर वाचले गेले, पण देशाचे हवाई दल परदेशी आराखड्यांवरच उडत राहिले. यातला पहिला भाग खरा, पण तो दोष म्हणून मांडणे चूक. विद्यापीठाचा विभाग विमाने बांधत नाही. विमाने बांधू शकणारी माणसे आणि त्यांना लागणारी उत्तरे तो देतो. दुसऱ्या भागाकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. तो आपल्याला विभागाच्या भिंतीबाहेर, इंजिनाच्या प्रश्नाकडे नेतो.

इंजिनाचे दुखणे

भारतात आखलेल्या विमानांची यादी इंजिनाच्या बाजूने वाचली तर एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. घाटगे यांच्या एचटी-२ ला ब्रिटिश सिरस इंजिन होते. १९६४ मध्ये उडालेल्या त्यांच्याच किरण जेट प्रशिक्षण विमानाला ब्रिटिश व्हायपर इंजिन होते. जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला आखलेले मारुत लढाऊ विमान जून १९६१ मध्ये उडाले, पण ज्या शक्तिशाली ऑर्फियस इंजिनावर त्याचा आराखडा बेतला होता ते इंग्लंडमध्ये पुढे सरकलेच नाही. त्याच कुळातल्या कमी ताकदीच्या इंजिनावर मारुतला समाधान मानावे लागले आणि ध्वनीपेक्षा वेगाचे म्हणून कल्पिलेले विमान त्या वेगापर्यंत खऱ्या अर्थाने गेले नाही. जानेवारी २००१ मध्ये तेजस उडाले ते अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनावर. चार पिढ्यांत विमानाचा सांगाडा, पंख आणि नियंत्रण या बाबतीत देश लांब गेला. इंजिन मात्र दर वेळी बाहेरून आले.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. किरणसाठी बंगळूरच्या याच कारखान्याने छोटे जेट इंजिन घडवायला घेतले होते. ते उत्पादनापर्यंत पोचले नाही. गॅस टर्बाइन संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा १९५९ मध्ये कानपूरला सुरू होऊन बंगळूरला आली, तिने १९८९ मध्ये मंजूर झालेला कावेरी इंजिनाचा प्रकल्प हाती घेतला, पण तेजसला ते इंजिन लागू शकले नाही. दरम्यान १९६२ च्या करारानुसार मिग-२१ ची निर्मिती भारतात सुरू झाली. सांगाडा आपल्या नाशिकजवळच्या ओझरला आणि इंजिने ओडिशातल्या कोरापुटला. ओझरच्या कारखान्याने हजारो मराठी कामगार-तंत्रज्ञांना विमानाच्या घडणीचे कसब दिले, हे मोठेच काम होते. पण परवान्यावरची निर्मिती ही १९४३ च्या दुरुस्ती केंद्राचीच सुधारलेली आवृत्ती ठरते. कसे करायचे ते ड्रॉइंगमध्ये येते. का करायचे ते मूळ मालकाकडे राहते.

जेट इंजिनाच्या टर्बाइनचे एक पाते हातात घेतले तर हे का अवघड आहे ते दिसते. हाताच्या पंजात मावेल एवढे ते पाते ज्या वायूत फिरते, त्याचे तापमान आधुनिक लढाऊ इंजिनात पात्याच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूच्याही वर असते. पाते वितळत नाही, कारण त्याच्या पोटात नागमोडी पोकळ्या असतात. कॉम्प्रेसरकडून आलेली तुलनेने थंड हवा त्यांतून वाहते आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून पात्याभोवती पातळ पांघरूण घालते. मिनिटाला हजारो फेऱ्यांमुळे पात्याच्या मुळाशी प्रचंड ओढ बसते. त्या उष्णतेत आणि त्या ओढीत धातू हळूहळू लांबतो. ते लांबणे रोखण्यासाठी धातूच्या कणांमधल्या सीमाच नकोत म्हणून आख्खे पाते एकाच स्फटिकात ओतले जाते. आता हे पाते कोणत्या विभागाचे? त्यावरचा प्रवाह एरोनॉटिकलचा, उष्णतेचे वहन आणि कंप मेकॅनिकलचा, ओतकाम धातुशास्त्राचे. एकाही विभागाने हात आखडता घेतला तर पाते होत नाही. चाळिशीच्या दशकात संस्थेच्या आवारात जी तीन भावंडे शेजारी वसवली होती, तीच या पात्यात एकत्र यायला हवी होती. विभाग तेच राहिले, पण देशात त्यांची कामे वेगवेगळ्या खात्यांकडे, प्रयोगशाळांकडे आणि कारखान्यांकडे वाटली गेली.

यावर कोणी म्हणेल की, इंजिनाच्या अपयशाचे खापर शिक्षणपद्धतीवर फोडणे अन्यायाचे आहे. पैसा, उंचीवरच्या चाचणीच्या सोयी, निर्णयांतली दिरंगाई आणि परदेशी बंधने ही खरी कारणे. ही सगळी कारणे खरी आहेत आणि शिक्षण हे त्यांतले सर्वांत मोठे आहे असा दावा इथे नाही. पण पैसा आणि चाचणीच्या सोयी मिळाल्यावरही प्रवाह, उष्णता आणि धातू या तिन्ही भाषा बोलणारी माणसे पुरेशी लागतात, आणि अशी माणसे तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे जातात. इंजिनाच्या बाबतीत शिक्षण ही अपुरी पण आवश्यक अट आहे. ती पूर्ण करण्याची वाट देशाला १९४२ मध्येच सापडली होती. तिच्यावर विमानाचा सांगाडा लांबवर गेला आणि इंजिन मागे राहिले.

विभागाचे नाव पुढे एरोस्पेस इंजिनिअरिंग असे झाले, अभ्यासाचे विषय वाढले, संगणकावरच्या गणनांनी टनेलमधल्या पुष्कळ चाचण्यांची जागा घेतली. २०११ पासून संस्थेत विज्ञानाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रमही आहे. या बदलांत जपायचे काय, हा प्रश्न विचारणे योग्य ठरते. संगणकामुळे एक नवा मोह निर्माण झाला आहे. प्रवाहाची चित्रे पडद्यावर इतकी सुबक उमटतात की घडणीतल्या फटीची, कंपाची आणि तापलेल्या धातूची आठवणच राहत नाही. धवन यांच्या सुट्या तुकड्याभोवतालची केसाएवढी फट आणि नरसिंह यांचे खळबळीचे ठिपके अशा चित्रांत आपोआप येत नाहीत. ते असतात हे माहीत असलेल्या माणसालाच त्यांचा शोध घ्यावासा वाटतो. म्हणून विभागात येणाऱ्याला आधी यंत्राची ओळख असावी हा जुना आग्रह आज कालबाह्य झालेला नाही, उलट अधिक गरजेचा झाला आहे. त्याला एक पुरवणी मात्र जोडायला हवी. जसा मेकॅनिकलचा पदवीधर एरोस्पेसकडे येतो, तसा एरोस्पेसच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांतला काही काळ उष्णतेच्या आणि धातूच्या प्रयोगशाळेत घालवावा, आणि त्याचा प्रबंध दोन विभागांच्या मार्गदर्शकांनी मिळून तपासावा. इमारती शेजारी आहेत, त्यासाठी नवे विद्यापीठ उभारावे लागत नाही. सांगाडा घडवणारी पिढी या क्रमाने दिली. इंजिन घडवणारी पिढी हवी असेल तर तो क्रम पाळून विभागांमधल्या भिंती ठेंगण्या कराव्या लागतील, आणि याची सुरुवात अभ्यासक्रमाच्या पानावरून करता येण्याजोगी आहे.